रिकामा रकाना

पिल्लंवाल्याची मोटरसायकल दारात थांबली तेव्हा मी अंगणात काजूच्या बिया पसरत होते. मार्च 2020चा दुसरा आठवडा. मागच्या सीटवर जाळीचे दोन खोके बांधलेले आणि त्यातून असा चिवचिवाट, की हातातलं काम आपोआप थांबावं. एरवी हा माणूस एका पिल्लामागे पंचवीस रुपयांच्या खाली उतरत नाही. त्या दिवशी हेल्मेट न काढताच म्हणाला, "ताई, पाच रुपये द्या नि न्या. मालक फुकट वाटतोय, पण पेट्रोल माझं आहे."

कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, ही अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या वाडीपर्यंत पोचली होती. पोल्ट्रीवाले मातीमोल भावानं माल काढत होते, काहींनी तर तो पुरून टाकला. मी 18 पिल्लं घेतली. त्यानं 2 वर टाकली, भाजीवाला कोथिंबीर टाकतो तशी. "कुठली जात?" असं विचारलं तर म्हणाला, "गिरीराज." आता मला ठाऊक आहे, की मोटरसायकलवरच्या खोक्यातलं प्रत्येक रंगीत पिल्लू गिरीराजच असतं. खरी गिरीराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या कोंबड्यांसाठी तयार केलेली जात. आमच्या 20 जणांचे पूर्वज बेंगळुरूला कधी गेले असतील का, देव जाणे.

मला हवं होतं ते अगदी साधं: अंडी आणि खत. बँकेत 29 वर्षं काढून नवऱ्याच्या गावी, दापोली तालुक्यात, येऊन सहा-सात महिने झाले होते. घरामागचं परडं म्हणजे तांबडी जांभ्याची माती. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातून दर वर्षी सगळं धुऊन समुद्राला नेऊन देतो. पहिल्या पावसाळ्यात लावलेल्या वांग्यांना बोराएवढी फळं धरली होती. शेणखत विकत घ्यायचं तर गावात गुरं राहिली आहेत कुठे? म्हणून कोंबड्या. नवी कोरी वही काढली, रकाने आखले: तारीख, खर्च, अंडी, मेली, शेरा. बँकेतली सवय, जात नाही.

आणखी एक कारण होतं, ते वहीत लिहिलं नाही. डोंबिवलीला आठ वर्षांची असताना जत्रेत मी गुलाबी रंगाचं पिल्लू घेतलं होतं. गुलाबी म्हणजे रंगवलेलं. शेजारच्या टोपलीत हिरवी होती, निळी होती. चपलांच्या खोक्यात कापूस घालून त्याला ठेवलं. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर खोकं रिकामं. आई म्हणाली, "गावाला पाठवलं." आमचं तेव्हा गाव असं नव्हतंच, तरी मी विश्वास ठेवला.

पिल्लांसाठी पडवीत मोठा पुठ्ठ्याचा खोका ठेवला, तळाला भाताचा तूस, वर 100 वॅटचा बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. हे मी वाचलेलं होतं. थर्मामीटरही आणला होता, पण तो दुसऱ्या दिवशीच निरुपयोगी ठरला, कारण पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असली तर थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून खोक्याच्या कडांना चिकटली असली तर उकडतंय. कुठेही, कशीही, पाय पसरून मेल्यासारखी झोपलेली दिसली तर सगळं ठीक आहे. पहिल्या दिवशी अशी झोपलेली बघून मी तीनदा एकेकाला बोटानं ढोसून उठवलं.

पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे, म्हणजे कोणी बुडायला नको. पहिल्या दिवशी त्यात गूळ. मक्याचा भरडा कागदावर भुरभुरवला आणि बोटानं टकटक केलं, की एक जण येऊन टोचणार, आणि त्याचं बघून बाकीचे एकोणीस. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून तर ही पिल्लं खोक्यात बसून शेकडो किलोमीटर प्रवास करतात. एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती: शेपटीखाली बघायचं. तिथे विष्ठा वाळून बूच बसतं आणि पिल्लू दोन दिवसांत जातं. कोमट पाण्यात कापूस बुडवून मी रोज सकाळी वीस ढुंगणं पुसत होते. मुलाचा पुण्याहून फोन आला, "काय करतेस?" तर मी खरं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

दुसऱ्या रात्री डीपी उडाली.

रात्री अकराचा सुमार. आधी लांबून फट्ट असा आवाज, मग सगळी वाडी काळोखात. कोकणात लाईट जाणं ही बातमी नाही, म्हणून आम्ही वळून झोपलो. दीड वाजता जाग आली ती शांततेनं. पडवीतून आवाज येत नव्हता. बॅटरी मारली तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात, एकमेकांवर चढलेली, हाताच्या ओंजळीएवढा एकच पिवळा-करडा ढीग. थंडीनं पिल्लं मरतात त्याहून जास्त अशी, एकमेकांच्या उबेखाली गुदमरून मरतात. ढीग उपसला. तळाची 2 गेली होती. चपटी, कोमट.

पाणी तापवून प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलं, बाटल्यांना जुन्या पातळाचे तुकडे गुंडाळले. नवरा म्हणाला, घमेल्यात निखारे ठेवू. बंद पडवीत निखारे म्हणजे पिल्लांच्या आधी आपण, असं म्हणून मी त्याला गप्प केलं. या आमच्या गडबडीनं पलीकडच्या काकी उठल्या. बॅटरी हातात, डोक्याला फडकं. खोक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाटलीखाली पोरं वाढवतेस होय गो? थांब."

परत आल्या त्या काखेत कोंबडी घेऊन. त्यांची एक गावठी, भुरकी, आठवडाभर खुडूक बसलेली. खाली अंडी नाहीत, तरी टोपलीतून उठत नव्हती, हात घातला की फुगून टोचायची. काकींनी पडवीच्या कोपऱ्यात डालगं मांडलं, आत पेंढा, त्यावर कोंबडी. बॅटरी माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "हिच्या तोंडावर नको मारू. दिसलं नाही म्हणजे तिला आपलंच वाटतं." मग एकेक पिल्लू मुठीत घेऊन मागच्या बाजूनं, पंखाखाली. पहिल्याला कोंबडी दचकली. दुसऱ्याला अंग किंचित उचललं. तिसरं की चौथं गेलं तेव्हा तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. घोगरा, खालचा, तुटक. क्रुक, क्रुक. काकींनी माझ्याकडे न बघता मान हलवली, "झालं." बारा मावली. उरलेली सहा त्या रात्री बाटल्यांवर काढली आणि दुसऱ्या रात्री तीही सरकवली. तेव्हा कोंबडीनं हरकत घेतली नाही. तिला कदाचित मोजता येत नसावं, किंवा येत असूनही ती बोलली नसावी.

"भाडं काय घ्याल?" मी विचारलं. चेष्टेनंच.

"गटारीला एक कोंबडा," काकी म्हणाल्या. त्या चेष्टेनं बोलत नव्हत्या.

त्या रात्रीपासून माझ्या शिक्षणाचं खातं भुरकीकडे वर्ग झालं. बल्ब ऊब देतो, बाकी काही देत नाही. भुरकी मात्र दिवसभर बोलत असायची. खायचं सापडलं की टुकटुक करून चोचीनं तेच दाणे उचलायची आणि परत टाकायची. सगळी धावत यायची. आकाशात घार दिसली की लांब, बारीक, ओढलेला सूर, आणि पिल्लं जिथे असतील तिथे दगड होऊन दबून बसायची. मांजर किंवा मुंगूस दिसलं तर वेगळाच कलकलाट, तेव्हा दबायचं नाही, पळायचं. वरच्या शत्रूचा शब्द निराळा, खालच्याचा निराळा. कोंबड्यांच्या या भाषेवर अभ्यास झालेले आहेत हे मला नंतर कळलं. काकींना ते अभ्यास माहीत नव्हते. पडवीत बसून भात निवडताना त्या मान वर न करता सांगायच्या, "घार आली बघ."

कुंपणापलीकडे वाळवीची ढेकळं असतात. ती फोडून आणून अंगणात आपटली की पिल्लांची जत्रा भरायची. पांढऱ्या, लुसलुशीत वाळव्या. इतकं ताजं प्रथिन कुठल्या पोत्यातल्या खाद्यात येणार?

सातव्या दिवशी लस. कोंबड्यांचा सगळ्यात वाईट आजार म्हणजे राणीखेत. 1920च्या दशकाच्या अखेरीला उत्तराखंडातल्या राणीखेतमध्ये तो आढळला म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. साहेबानं आपल्या देशातल्या न्यूकॅसल गावाचं दिलं. काकी त्याला मानमोडी म्हणतात, आणि तिन्हींत तेच नाव नेमकं आहे, कारण लागण झालेली कोंबडी मान पिळून उलटी टाकते. उन्हाळ्यात एका घरात शिरला की सगळी वाडी रिकामी करून जातो. औषध नाही. लस मात्र आहे, लासोटा, एका डोळ्यात एक थेंब. अडचण वेगळीच: कुपी येते ती शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवायची, तीही बर्फावर. 18 पिल्लांसाठी मी ती चहाच्या थर्मासमधून आणली आणि उरलेल्या मात्रांसाठी वाडीभर फिरले. "लस आहे, फुकट आहे, कोंबड्या धरा." सतरा घरं. कोणाची कोंबडी माडावर, कोणाची चुलीमागे. तीनच दिवसांत जनता कर्फ्यू लागला. मागे वळून बघते तर गावातल्या सगळ्या घरांत एका दमात जाऊन आलेली ती माझी पहिली आणि कित्येक महिन्यांसाठी शेवटची फेरी होती.

मरायचं ते मरतंच. पाचव्या आठवड्यात पाण्याच्या भांड्याभोवतीचा तूस ओला राहिला, तो बदलायचा मी आळस केला, आणि विष्ठेत रक्त दिसायला लागलं. रक्ती हगवण. तिचे जंतू ओलाव्यातच माजतात. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली पावडर मिळेपर्यंत 2 गेली. एक घारीनं उचललं, माझ्या डोळ्यांदेखत, भुरकीनं ओरडून सांगितलेलं असताना. ते पिल्लू दबलं नाही, पळालं. उरली 15.

आता खताचं सांगते, कारण मुळात मी त्यासाठी उतरले होते.

मे महिन्यात खुराड्याखालचं पहिलं घमेलं भरलं तेव्हा मला झालेला आनंद पगाराच्या पहिल्या दिवसाएवढा होता. ते तसंच्या तसं नेऊन मिरचीच्या रोपांना घातलं. चार दिवसांत पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, आठवड्यात रोपं उभ्याउभ्या वाळली. नवरा म्हणाला, "चांगलं तिखट खत आहे." कोंबडीच्या विष्ठेवर पांढरी टोपी असते ना, ते तिचं मूत्र. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. नको असलेलं नत्र युरिक आम्लाच्या रूपात असं घट्ट करून टाकतात. त्याचा मातीत अमोनिया होतो, आणि तो कोवळी मुळं जाळतो. शेणासारखं हे गरीब नाही. याला आधी कुजवावं लागतं, आणि कुजवायचं तर सोबत कोरडं, पालापाचोळ्याचं काहीतरी ढिगानं लागतं. एका नत्राच्या भागाला पंचवीस-तीस भाग कर्ब, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. एवढा पातेरा आणायचा कुठून, या विचारात मी होते.

3 जूनला निसर्ग वादळ आलं.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही, दापोली-मंडणगडकडच्या कोणालाही विचारा. दुपारी दोन तास घर हलत होतं. खुराड्याचा पत्रा उडून तीन घरं पलीकडे सापडला. कोंबड्या आम्ही सकाळीच माजघरात आणल्या होत्या. त्या देवघराच्या चौकटीवर ओळीनं बसून राहिल्या, एकीनंही तोंड उघडलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तर परडं ओळखू येईना. 40 पोफळी होत्या, 6 उभ्या. माड दोन आडवे. सासऱ्यांनी लावलेला रायवळ आंबा मुळांसकट. आमच्याकडे वीज आली ती पुढे बावीस दिवसांनी.

रडून झाल्यावर, आणि आम्ही दोघंही रडलो, समोर जे पडलं होतं ते उचलावंच लागणार होतं. झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, आंब्याचा पाला, बारीक फांद्या. कोयत्यानं तोडून तोडून परड्याच्या कडेला थर लावले: वीतभर पातेरा, त्यावर खुराड्यातला तूस आणि विष्ठा, परत पातेरा. पावसाचं पाणी थेट शिरू नये म्हणून वर उडालेलाच पत्रा. चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर कोपरापर्यंत आत ठेववेना. पावसात भिजलेल्या त्या गारठ्यात आतून वाफा येत होत्या. नाकाला झोंबलं की पातेरा वाढवायचा, गार पडलं की उलटायचं, एवढंच शास्त्र. उलटायचं काम तर आमच्या कोंबड्या करायच्याच. त्यांना ढिगावर सोडलं की दोन तासांत तो सपाट.

दिवाळीपर्यंत तिथे काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत झालं होतं. तांबड्या मातीत ते मिसळलं तेव्हा रंग काकवीसारखा झाला. त्या हिवाळ्यात पडवळ माझ्या उंचीचे लागले. वांग्यांबद्दल मी बोलत नाही, दृष्ट लागेल. एवढं मात्र सांगते, की जे कच्चं खायचं, मुळा किंवा कोथिंबीर, त्या वाफ्यात ताजं कोंबडखत कधी घालू नये. नीट कुजलेलंच, आणि तेही तीन-चार महिने आधी. विष्ठेतून साल्मोनेला येऊ शकतो. आणि हात धुवा. पिल्लाचे पापे घेणाऱ्या आमच्या पुतणीला मी हे सांगितलं तर तिनं माझ्याकडे राक्षसिणीसारखं बघितलं.

पण दिवाळीच्या आधी गटारी येते.

जूनच्या अखेरीला पहाटे खुराड्यातून एक आवाज आला, फुटक्या पिपाणीसारखा. अर्धवट सुटलेली बांग. दुसऱ्या दिवशी दोन, आठवड्यात पाच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. माझ्याकडे तांबडं फुटायच्या दोन तास आधीपासून फुटायचं. पंधरा जणांची नीट पाहणी केली. तुरे, शेपटीची वळणदार पिसं, पायाची जाडी. 8 कोंबडे, 7 तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या.

यात आश्चर्य काहीच नव्हतं. उबवलेल्या अंड्यांत निम्मे नर असणार, हे शाळकरी पोराला कळतं. मी 18 पिल्लं घेतली तेव्हा मनात 18 कोंबड्या धरल्या होत्या, बस. वहीत रकाना होता अंड्यांचा, मेलेल्यांचा, खर्चाचा. नरांचा नव्हता.

आठ कोंबडे एका परड्यात राहू शकत नाहीत. आपापसात रक्त काढतात, तलंगांची पाठ सोलून काढतात. खातात तेवढंच, देतात फक्त बांग. अंड्यांसाठी तर एकही लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, फक्त ती उबत नाहीत. मोठ्या हॅचऱ्यांत हा प्रश्न पहिल्याच दिवशी संपवतात. अंड्यांच्या जातींमध्ये नर पिल्लू मांसालाही परवडत नाही, म्हणून बाहेर पडल्याच्या दिवशीच त्याला वेगळं काढतात आणि मारतात. जी मारायची राहतात ती काही ठिकाणी रंगाच्या पाण्यात बुडवून जत्रेत येतात.

हे मी जुलैतल्या एका दुपारी वाचलं आणि बराच वेळ मोबाईल हातात धरून बसून राहिले. चपलांच्या खोक्यातलं ते गुलाबी पिल्लू नर होतं. बहुतेक नक्कीच. आईनं त्याला गावाला पाठवलं ते चौथ्या दिवशी. त्याला तर पहिल्याच दिवशी पाठवायचं ठरलेलं होतं.

त्या वर्षी आषाढी अमावास्या सोमवारी आली, 20 जुलैला. सोमवारी आमच्याकडे, काकींकडेही, चालत नाही, म्हणून सगळ्या वाडीची गटारी रविवारी. सकाळी सातला काकी आल्या. मी मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं कोणता द्यायचा: तो पांढऱ्या मानेचा भांडकुदळ. काकींनी त्याला नाहीच घेतला. खुराड्यात एक नजर टाकून तांबड्या, शांत, भरल्या अंगाच्या कोंबड्याचे पाय धरले. "हा घेते. तो पांढऱ्या मानेचा ठेव, घारीवर जाईल." मी घरात गेले आणि मिक्सर लावला. वाटायचं काही नव्हतं.

दुपारी एक वाजता काकींची नात झाकलेला टोप घेऊन आली. रीतच आहे, ज्याच्या घरचा कोंबडा त्याच्या घरी रस्सा जातो. वर फडक्यात चार वडे. मी टोप ओट्यावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. कोंबडी मी लहानपणापासून खात आले आहे. डोंबिवलीच्या दुकानात दर रविवारी रांगेत उभी राहिले आहे, आणि काळ्या पिशवीतून जे घरी आणलं त्याला कधी मान होती, ती कशी तिरकी करून तो माझ्याकडे बघायचा, हा विचार शिवला नव्हता. नवऱ्यानं काही न बोलता दोन ताटं घेतली. आम्ही जेवलो. रस्सा उत्तम झाला होता. हे लिहायला नको वाटतं, पण झाला होता.

संध्याकाळी पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखला: नर. त्यात लिहिलं 1.

बाकीचे सहा श्रावण संपल्यावर गेले, एकेक करून. दोन वाडीत विकले, एक राखणेला, म्हणजे राखणदार देवाला, तीन आमच्याच घरी. कापायला मी अजून शिकलेले नाही. काकींच्या मुलाला बोलावते. पण आता आत जाऊन मिक्सर लावत नाही. पायांना धरायला लागतं कोणीतरी, तर धरते. पांढऱ्या मानेचा राहिला. तो खरंच घारीवर जातो.

पहिलं अंडं आलं ते गणपती घरात असताना. मखरापासून दहा पावलांवर, सरपणाच्या ढिगात, लहानसं, फिकट बदामी, टोकाला रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्याला कधीकधी असते. ते स्वयंपाकघरात नेता येईना म्हणून विसर्जनापर्यंत पडवीतल्या कोनाड्यात तुसात ठेवलं. पुढे कळलं, की एका अंड्याला कोंबडीच्या पोटात चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक निव्वळ कवचाला. म्हणून अंडं रोज थोडं उशिरा येतं, सरकत सरकत दुपार होते, आणि मग एक दिवस सुट्टी. कवच जवळजवळ सगळं चुन्याचं, तेव्हा आमच्या जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या आता केरात जात नाहीत; भाजून, पाट्यावर भरडून कोंबड्यांपुढे. वरच्या रंगावर जाऊ नका, तपकिरी म्हणजे गावठी असं काही नसतं, कवचाचा रंग जातीवर ठरतो. बलकाचा केशरी रंग मात्र हिरवा पाला चरण्याचा.

वर्ष संपलं तेव्हा मुलानं हिशोब मागितला. खुराडं, जाळी, खाद्य, औषधं मिळून 11,300 रुपये. अंडी 436. अधेमधे मुंगसानं एक कोंबडी नेली, तीही धरलेली. "आई, अंडं जवळजवळ सव्वीस रुपयांना पडलं," तो म्हणाला. मी म्हटलं, खताचे मांड. तो म्हणाला, कसे मांडू? मलाही सांगता येईना. पडवळाचा फोटो पाठवला.

काकींच्या भुरकीला मी सहा आठवड्यांनी परत दिलं होतं. तिची पोरं तोवर तिच्याएवढी झाली होती, तरी रात्री पंखाखाली डोकं खुपसायला बघायची, आणि ती एक दिवस अचानक त्यांना टोचायला लागली. सुटलं म्हणजे सुटलं. मागच्या चैत्रात आमचीच एक कोंबडी खुडूक झाली. खुडूक होणं व्यापारी कोंबड्यांच्या रक्तातून काढून टाकलेलं आहे, कारण त्या काळात अंडी बंद होतात. वर्षाला तीनशेच्या घरात घालणारी कोंबडी बसत नाही, आणि बसणारी गावठी साठ-सत्तरवर थांबते. आमची ही कुठल्या आजीवर गेली कोण जाणे. काकींनी मोजून 9 अंडी खाली ठेवली, विषमच हवीत म्हणून, आणि वीज कडाडली तर अंडी फुकट जातात म्हणून टोपलीत एक गंजका खिळा. मी सातव्या रात्री मोबाईलच्या दिव्यावर अंडी धरून बघितली: लाल शिरांचं कोळ्याचं जाळं, मधे हलणारा ठिपका. दोन पोकळ निघाली. खिळा मी काढला नाही.

एकविसाव्या दिवशी पहाटे टोपलीशी बसले. कोंबडी फुगली, पण टोचली नाही. एक अंडं कानाशी धरलं. आतून टिकटिक येत होती, आणि मधेच चिवचिव, अगदी लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी. कोंबडीनं खालच्या सुरात उत्तर दिलं. क्रुक, क्रुक. आतलं गप्प झालं, मग परत टिकटिक.

संध्याकाळपर्यंत सहा बाहेर आली, सातवं रात्री. काकी आल्या, एकेकाला पायांनी उलटं धरलं, डोकं वर उचलतंय की लोंबतंय ते बघून निकाल देत गेल्या. "कोंबडा. कोंबडा. ही तलंग. कोंबडा." त्यांचं निम्म्या वेळा बरोबर येतं, निम्म्या वेळा चुकतं, आणि याहून जास्त कोणी अपेक्षा करू नये. मी वही घेऊन शेजारी बसले होते. तारीख घातली, उबली 7 असं लिहिलं.

"लिही की," काकी म्हणाल्या. "चार कोंबडे."

"ओलं आहे अजून," मी म्हटलं आणि वही मिटली.